दूध_दर फंक्शन आणि रिकामं फॅट : प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२५, मंगळवार

दूध संकलनाची जुनी प्रणाली मायएसक्यूएल या डेटाबेसवर होती. ती पोस्टग्रेस १७ या दुसऱ्या डेटाबेसवर आणायचं काम शेवटच्या टप्प्यात आहे. तक्ते आले, जुन्या नोंदी आल्या, फंक्शनं (डेटाबेसमध्येच ठेवलेले हिशोबाचे छोटे कोड) राहिली. त्यांत सगळ्यात नाजूक म्हणजे दूध_दर. दुधाचा प्रकार, दिनांक, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) आणि दुधाची घनता दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्री घ्यायची आणि लिटरचा दर द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण दर दहा दिवसांनी निघणारं सभासदाचं बिल पूर्णपणे यावर उभं आहे, म्हणून याला हवा तेवढा वेळ द्यायचा असं ठरवलं आहे.

जुळवणीसाठी २१ ते ३० जूनची बिलं दोन्हीकडे काढली. बहुतेक पैशापैशाला जुळली. जी जुळली नाहीत, ती सगळी एकाच कारणाने : त्या दहा दिवसांत कधीतरी एका पाळीचं (सकाळच्या किंवा संध्याकाळच्या संकलनाचं) फॅट नोंदवलेलं नव्हतं, रकान्यात नल होता, म्हणजे 'इथे किंमत नाही' ही डेटाबेसची खूण. जुन्या प्रणालीत त्या पाळीचा दर कोरा आला. नव्यात तिथे किमान दर लागला.

कारण सूत्राच्या शेवटच्या ओळीत सापडलं : ग्रेटेस्ट(काढलेला_दर, किमान_दर), म्हणजे दोन्हींतला मोठा. फॅट नल, म्हणून काढलेला दर नल. मायएसक्यूएलमध्ये ग्रेटेस्टला एकही नल मिळाला की उत्तर नल. ओरॅकलचंही तसंच. पोस्टग्रेस मात्र नल बाजूला ठेवून उरलेल्यांतला मोठा देतं, सगळेच नल असतील तरच नल. एसक्यूएल मानकापेक्षा आपलं हे वागणं वेगळं आहे, हे पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे.

कोरा दर दूध संस्थेच्या सचिवांना दिसतो आणि ते फोन करतात. किमान दर कोणाला खटकत नाही. ज्याचं दूध रोज ४.१ फॅटचं लागतं त्याला एका पाळीचा किमान दर मिळाला, तर अठरा-वीस ओळींच्या बिलात तो शोधायचा कोणी? ओळ दुरुस्त करणं पाच मिनिटांचं काम आहे. पण नल आला तर काय करायचं हे या फंक्शनसाठी कधीच कोणी ठरवलेलं नव्हतं. जुनं उत्तर बरोबर निघत होतं ते डेटाबेसच्या स्वभावामुळे. आता ते नीट ठरवायचं.

२ जुलै, बुधवार

कोडला हात लावायच्या आधी एका संस्थेच्या सचिवांना फोन केला. फॅटचा रकाना रिकामा राहतो कधी, एवढाच प्रश्न.

"साहेब, लाईट गेली की मशीन बंद. मग बाटलीत नमुना ठेवतो आन् लाईट आल्यावर लावतो. उन्हाळ्यात कधी नमुनाच फाटतो. मग रकाना तसाच ऱ्हातो."

"मग त्या पाळीचे पैसे कसे देता, दादा?"

"आदल्या पाळीचं फॅट धरतो. पण ते मी ठरवतो, मशीन न्हाय. वहीत लिहितो, सही करतो. उद्या सभासदानं विचारलं तर दाखवाय पायजे."

हा फोन आजच्या दिवसातला सगळ्यात मोलाचा. फॅट धरायची पद्धत आहे, पण ती एका जबाबदार माणसाच्या हातात आहे आणि तिची नोंद राहते. हे फंक्शनच्या पोटात गुपचूप घालायचं नाही.

त्यानंतर रजिस्टरच्या प्रती आणि आपला तक्ता शेजारी ठेवून रिकाम्या रकान्यांची कारणं काढली :

फॅट अजून मोजलेलं नाही, पण मोजलं जाईल. फॅट मोजता आलं नाही आणि आता येणारही नाही. एसएनएफ मोजलेलं नाही पण डिग्री घेतलेली आहे, म्हणजे एसएनएफ काढता येतं. एसएनएफची गरजच नाही, कारण त्या केंद्रावर म्हशीच्या दुधाला फक्त फॅटवर दर आहे. आणि दूध फाटलेलं म्हणून परत पाठवलं, नोंद मात्र राहिली. तिथे लिटरसकट सगळं कोरं.

डेटाबेसला हे सगळं एकच दिसतं. रिलेशनल मॉडेल ज्यांनी मांडलं त्या एडगर कॉड यांनाही हे बोचत होतं. १९९० साली त्यांनी एका नलऐवजी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या : माहिती लागू आहे पण हाताशी नाही, याची एक, आणि माहिती मुळात लागूच नाही, याची दुसरी. एसक्यूएलने ते घेतलं नाही, नल एकच राहिला. म्हणून हा भेद आपल्यालाच तक्त्याच्या रचनेत आणि फंक्शनच्या करारात, म्हणजे काय आलं तर काय द्यायचं या नियमांत, ठेवावा लागणार. आमच्या रजिस्टरमधलं 'मोजता आलं नाही' आणि 'गरजच नाही' हे अगदी तेच दोन प्रकार आहेत.

३ जुलै, गुरुवार

सहकाऱ्याचा प्रस्ताव : फंक्शन स्ट्रिक्ट करून टाकू. एक शब्द लिहायचा आणि प्रश्न मिटला.

स्ट्रिक्ट म्हणजे मानकातलं 'रिटर्न्स नल ऑन नल इनपुट', पोस्टग्रेसमध्ये याला स्ट्रिक्ट हा आखूड पर्याय आहे. कुठलाही एक आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) नल असला की फंक्शन चालवलंच जात नाही, उत्तर थेट नल. काहीच लिहिलं नाही तर 'कॉल्ड ऑन नल इनपुट' धरलं जातं, म्हणजे नल आत येतो आणि त्याचं काय करायचं ते आतल्या कोडवर. गणिती फंक्शनांना स्ट्रिक्ट शोभतं. माहीत नसलेल्या संख्येचं वर्गमूळही माहीत नसतं, त्यात वाद नाही.

दूध_दरला ते लावता येत नाही याचं पहिलं कारण सरळ आहे. पाच आर्ग्युमेंट्सपैकी एसएनएफ आणि डिग्री यांतला एक बहुतेक वेळा नलच असतो. फक्त फॅटवर दर असलेल्या केंद्रांत दोन्ही नल असतात. स्ट्रिक्ट लावलं की जवळजवळ प्रत्येक नोंदीचा दर नल येईल.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि ते इतर फंक्शनांनाही लागू होतं, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतो. समजा एका सभासदाच्या एका दिवसाच्या दोन ओळी आहेत. सकाळ : १० लिटर, दर ३२ रुपये, रक्कम ३२० रुपये. संध्याकाळ : ८ लिटर, फॅट नल, दर नल, रक्कम नल. आता बिलाची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) सम(लिटर) आणि सम(रक्कम), म्हणजे दोन्हींची बेरीज, घेते. सम नल वगळतं. पावतीवर छापून येतं : १८ लिटर, ३२० रुपये. त्रुटीचा संदेश नाही, इशारा नाही, कोरा रकानाही नाही. १७ रुपये ७८ पैसे लिटरने दूध विकलं गेलं आणि हे कोणालाच कळलं नाही.

म्हणजे नल परत देणं हे आपोआप सुरक्षित नसतं. एका ओळीत नल प्रामाणिक असतो. त्याच्यावर बेरीज केली की तो गायब होतो आणि शून्याचं काम करून जातो. फंक्शन नल देणार असेल, तर तो नल पुढे कोण वापरणार हे बघितल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही.

सहकाऱ्याला हे उदाहरण पटलं. त्याने लगेच बाकीच्या फंक्शनांची यादी काढली : पोस्टग्रेस सगळ्या फंक्शनांची नोंद ठेवतं त्या पीजी_प्रॉक या कॅटलॉगमध्ये प्रोइजस्ट्रिक्ट नावाचा रकाना असतो, त्यावरून आपली कुठली फंक्शनं स्ट्रिक्ट आहेत ते एका क्वेरीत कळतं. यादी भिंतीवर लावली आहे.

४ जुलै, शुक्रवार

कोअलेस(फॅट, ०), म्हणजे फॅट नल असेल तर शून्य धरणं, यावर थोडी चर्चा झाली. लगेच बाद. शून्य फॅट हे मोजमाप आहे, तसं दूध असूच शकत नाही, आणि दरपत्रकात ते सगळ्यात खालच्या ओळीवर जाऊन बसेल.

जुन्या कोडमध्ये याच्या उलटा प्रकारही सापडला. 'जर फॅट < ३.५ तर पॉइंटप्रमाणे कपात, नाहीतर मूळ दर', असा इफ. पीएलपीजीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसची फंक्शनं लिहायची भाषा) इफची अट नल निघाली की ती खोटी धरली जाते आणि गाडी 'नाहीतर'मध्ये शिरते. म्हणजे ज्या दुधाचं फॅट माहीतच नाही त्याला पूर्ण मूळ दर. वरच्या ग्रेटेस्टमध्ये सभासदाचं नुकसान, इथे संस्थेचं. एकाच फंक्शनात दोन ठिकाणी नलचे दोन वेगळे अर्थ लागत होते आणि त्यांतला एकही कोणी ठरवून ठेवलेला नव्हता.

यापुढे नियम : नल येऊ शकणाऱ्या आर्ग्युमेंटची तपासणी फंक्शनच्या सुरुवातीला, एकाच जागी. तिथून खाली कुठल्याही तुलनेत नल पोहोचता कामा नये.

७ जुलै, सोमवार

आज दूध_दरपासून थोडं बाजूला गेलो, पण त्यातूनच रचनेचा नमुना मिळाला.

प्रत्येक सभासदाची सेटिंग्ज आपण एका जेसनबी रकान्यात (नाव आणि किंमत अशा जोड्या एकत्र ठेवणारा प्रकार) ठेवतो : भाषा, एसएमएस हवा की नको, पशुखाद्याची कपात, पावतीचा प्रकार. कपात बदलायला जेसनबी_सेट वापरतो, नवी किंमत टू_जेसनबीतून, म्हणजे जेसनबीत रूपांतर होऊन, जाते. कपात नल आली तर काय होतं ते तपासलं. टू_जेसनबी स्ट्रिक्ट आहे, ते नल देतं. जेसनबी_सेटही स्ट्रिक्ट, ते पण नल देतं. तो नल अपडेटमधून थेट रकान्यात. कपातीची एक किल्ली (जोडीतलं नाव) बदलायला गेलो आणि सभासदाची सगळी सेटिंग्ज पुसली गेली. चाचणीच्या डेटाबेसवर प्रत्यक्ष करून पाहिलं, तसंच झालं. रकान्यावर नॉट नल (इथे नल चालणार नाही, असा नियम) लावलं की अपडेट अडतं. ते आजच लावलं.

जेसनबी_सेट ९.५ आवृत्तीपासून आहे आणि या वागण्याने पुष्कळ लोकांचा डेटा गेला. म्हणून आवृत्ती १३ मध्ये, म्हणजे २०२० साली, जेसनबी_सेट_लॅक्स हे दुसरं फंक्शन आलं. त्याची रचना मला फार आवडली, म्हणून तपशील टिपून ठेवतो.

ते स्ट्रिक्ट नाही. नवी किंमत नल आली तर काय करायचं हे विचारणारा एक जादा आर्ग्युमेंट आहे आणि त्याला चार उत्तरं आहेत : त्रुटी द्या, जेसनचा नल लिहा, ती किल्लीच काढून टाका, किंवा मूळ दस्तऐवज जसाच्या तसा परत करा. काही सांगितलं नाही तर जेसनचा नल लिहिला जातो. बाकीच्या आर्ग्युमेंट्सचं वेगळं : मूळ दस्तऐवज, मार्ग किंवा 'नसेल तर तयार करा' हा ध्वज नल असेल तर उत्तर नल. आणि 'नलचं काय करायचं' हाच आर्ग्युमेंट नल दिला तर थेट त्रुटी. कारण तिथे अंदाज बांधणं म्हणजे ज्या गोष्टीसाठी फंक्शन केलं तीच सोडून देणं.

एकाच फंक्शनात नलच्या तीन वेगळ्या वागणुका, आणि प्रत्येकीला कारण आहे. दूध_दरचा निर्णयही असाच आर्ग्युमेंटनिहाय व्हायला हवा. आणखी एक गोष्ट घेण्यासारखी : जुन्या फंक्शनचं वागणं बदललं नाही, नवं नाव दिलं. ज्यांचा कोड जुन्या वागण्यावर उभा होता तो तसाच चालत राहिला.

८ जुलै, मंगळवार

दूध_दरचा करार, पहिला मसुदा.

दुधाचा प्रकार नल : त्रुटी. गाय की म्हैस हे माहीत नसताना नोंद होणंच चूक आहे.

दिनांक नल : त्रुटी. इथे 'आजची तारीख धरा' अशी सूचना आली होती. मी ठाम नाही म्हटलं. जूनची राहिलेली नोंद जुलैत तपासली तर तिला जुलैचं दरपत्रक लागेल आणि रक्कम दिसायला अगदी व्यवस्थित असेल.

फॅट नल : उत्तर नल. दर माहीत नाही, हेच खरं उत्तर.

एसएनएफ : हे दरपत्रकावर अवलंबून. दरपत्रकाच्या तक्त्यात 'पद्धत' असा नवा रकाना केला. पद्धत 'फक्त फॅट' असेल तर फंक्शन एसएनएफकडे बघतच नाही, तिथे नल असो की आकडा. पद्धत 'फॅट व एसएनएफ' असेल आणि एसएनएफ नल असेल तर डिग्रीवरून काढायचं. डिग्रीही नल असेल तर उत्तर नल. अशा रीतीने 'लागू नाही' हा अर्थ दरपत्रकात नोंदला गेला आणि 'माहीत नाही' एवढाच नलकडे उरला.

डिग्रीवरून एसएनएफ काढायचं सूत्र : डिग्री भागिले ४, अधिक ०.२१ गुणिले फॅट, अधिक ०.३६. शेवटचे स्थिरांक सगळीकडे सारखे नसतात, म्हणून तेही दरपत्रकात ठेवले. सूत्रात फॅट आहे हे लक्षात ठेवायचं : फॅट नल असेल तर डिग्री असूनही एसएनएफ निघत नाही.

दरपत्रकात त्या तारखेची ओळच नाही : त्रुटी. हा आर्ग्युमेंटचा नल नाही, पण आत सिलेक्टला (दरपत्रकातली ओळ शोधणारा आदेश) काही मिळालं नाही की ती ओळ ठेवायचा व्हेरिएबल नल होतो आणि पुढे सगळं नल. बाहेरून बघणाऱ्याला 'फॅट मोजलं नाही' आणि 'दरपत्रक भरलं नाही' यांत फरक कळणार नाही. दुसऱ्यात चूक आमच्या बाजूची असते. ती लपू नये.

९ जुलै, बुधवार

फॅट नल असताना नल द्यायचा की त्रुटी, यावर सकाळ गेली.

त्रुटीच्या बाजूने मुद्दा भक्कम आहे : पैशाच्या फंक्शनाने गप्प बसू नये. पण संकलनाच्या पडद्यावर आजच्या सगळ्या नोंदी दाखवणारी क्वेरी हेच फंक्शन ओळीओळीवर चालवते. एका ओळीने त्रुटी दिली की पूर्ण क्वेरी पडते. सकाळी सहा-सातच्या गर्दीत, रांगेत माणसं किटल्या घेऊन उभी असताना, एका न मोजलेल्या नमुन्यामुळे पूर्ण यादी दिसेनाशी होणं चालणार नाही. त्या वेळी 'अजून मोजलं नाही' ही अगदी सर्वसाधारण अवस्था आहे.

म्हणून दोन थर केले. दूध_दर ओळीच्या पातळीवर नल देईल. बिल_तयार हे फंक्शन मात्र बेरीज करण्याआधी त्या दहा दिवसांत दर नल असलेल्या ओळी मोजेल, आणि एक जरी असली तरी बिल अंतिम करणार नाही. त्रुटीत सभासदाचा कोड, तारीख आणि पाळी सांगायची. त्रुटीचा प्रकार पोस्टग्रेसच्या यादीतलाच घेतला : २२००४, नल व्हॅल्यू नॉट अलाउड. त्यामुळे अ‍ॅपला संदेशाचा मजकूर चाळत बसावं लागत नाही, कोडवरून ओळखता येतं.

कच्चं बिल बघायला वेगळं फंक्शन. ते रक्कम देईल आणि शेजारी 'बाकी पाळ्या' असा आकडाही देईल. रक्कम एकटी कधीच बाहेर पडणार नाही.

सचिवांचा अधिकारही आज रचनेत आला. नोंदीच्या तक्त्यात फॅट_स्रोत हा रकाना : 'मोजलेलं' किंवा 'धरलेलं'. धरलेलं फॅट सचिव स्वतः भरतील, कोणी आणि कधी भरलं ते नोंदलं जाईल, आणि पावतीवर त्या ओळीपुढे खूण छापली जाईल. दूध_दरला यातलं काही माहीत असण्याची गरज नाही.

११ जुलै, शुक्रवार

स्ट्रिक्ट नको म्हणून हट्ट नाही. आज एक जागा अशी सापडली जिथे तेच हवं.

सभासदाचं दहा दिवसांचं सरासरी फॅट काढायचं असतं, आणि ते लिटरच्या भाराने. जुनी क्वेरी सम(फॅट गुणिले लिटर) भागिले सम(लिटर). सकाळी १० लिटर ४.० फॅटचं, संध्याकाळी ८ लिटर, फॅट नल. वरची बेरीज ४०, कारण नलची ओळ गळली. खालची १८, कारण लिटर तर नोंदलेले आहेत. सरासरी २.२२! चांगलं दूध घालणाऱ्या माणसाच्या कार्डावर २.२ फॅट दिसलं तर तो त्याच दिवशी दुसरी डेअरी धरेल, आणि त्याचं बरोबर असेल.

फिल्टर लावून खालच्या बेरजेतूनही ती ओळ वगळता येते, पण प्रत्येक क्वेरीत कोणीतरी ते आठवणीने लिहायला हवं. म्हणून भारित_सरासरी(फॅट, लिटर) असा स्वतःचा अ‍ॅग्रिगेट (अनेक ओळींवरून एक उत्तर काढणारं फंक्शन) केला. त्याचं ट्रान्झिशन फंक्शन, म्हणजे एकेक ओळ घेऊन आतापर्यंतची बेरीज पुढे नेणारा भाग, स्ट्रिक्ट. अ‍ॅग्रिगेटमध्ये ट्रान्झिशन फंक्शन स्ट्रिक्ट असलं की ज्या ओळीत कुठलाही एक आर्ग्युमेंट नल आहे ती ओळ पूर्ण वगळली जाते आणि आधीची अवस्था जशी होती तशी पुढे जाते. फॅट नल असेल तर त्या ओळीचे लिटरही मोजले जात नाहीत. अगदी हवं तेच, एकाही अटीशिवाय. सुरुवातीची अवस्था दोन शून्यांची ठेवली. शेवटच्या भागाकारात नलइफ(लिटर, ०), ते शून्य लिटरचा नल करतं, म्हणजे एकही मोजलेली पाळी नसेल तर शून्याने भागल्याची त्रुटी न येता सरासरी नल येते. वरच्या दोन ओळींवर चालवलं : ४.०.

१४ जुलै, सोमवार

वेग तपासताना एक गोष्ट दिसली. कपात_नंतर हे छोटं एसक्यूएल फंक्शन आहे : रक्कम वजा कोअलेस(कपात, ०). कपात नल म्हणजे कपात नाही, हा अर्थ संस्थेने स्वतः सांगितलेला आहे, त्यामुळे इथे कोअलेस योग्यच. पण जुन्या सवयीने कोणीतरी त्यावर स्ट्रिक्टही लिहिलेलं होतं. म्हणजे कपात नल असली की आतलं कोअलेस चालतच नव्हतं.

चुकीच्या उत्तराशिवाय त्याचा दुसरा परिणामही होता. असं साधं एसक्यूएल फंक्शन पोस्टग्रेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) क्वेरीत उलगडून टाकतो, फंक्शनला हाक मारण्याचा खर्च वाचतो. फंक्शन स्ट्रिक्ट म्हणून जाहीर केलं असेल तर मात्र आतली अभिव्यक्तीही तशीच वागते याची त्याला खात्री लागते. कोअलेस तसं वागत नाही, म्हणून उलगडणं रद्द. क्वेरीची योजना दाखवणाऱ्या एक्स्प्लेन व्हर्बोजमध्ये फंक्शनचं नाव तसंच दिसत होतं. स्ट्रिक्ट काढलं, आणि तिथे वजाबाकी आणि कोअलेस उघडे दिसू लागले.

रक्कम काढणाऱ्या फंक्शनात (लिटर गुणिले दर, दोन दशांशांपर्यंत राउंड) स्ट्रिक्ट असलं काय, नसलं काय, दोन्ही वेळा उलगडतं. गुणाकार आणि राउंड दोन्ही मुळातच स्ट्रिक्ट आहेत. तिथे तो शब्द वाचणाऱ्यासाठी ठेवला.

१६ जुलै, बुधवार

नल आत येण्याच्या वाटा.

फॅटवर 'शून्य ते पंधराच्या दरम्यान' असा चेक (ओळ भरताना तपासली जाणारी अट) आहे. चेकची अट नल निघाली तर ओळ स्वीकारली जाते, त्यामुळे हा चेक नल अडवत नाही. फॅटला आपल्याला नल हवाच आहे, पण प्रकार आणि दिनांक यांवर नॉट नल स्वतंत्रपणे लावलं. फंक्शनमधली त्रुटी तरीही ठेवली; ते फक्त या तक्त्यावरच चालेल असं नाही.

केंद्रांकडून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) येते. फाइल तक्त्यात भरणारा कॉपी आदेश सीएसव्हीत अवतरणाशिवायच्या रिकाम्या जागेला नल मानतो आणि अवतरणातल्या रिकाम्या जागेला रिकामी अक्षरमाला. अंकाच्या रकान्यात दुसरी आली की भरती अडते. एका केंद्राच्या फायलीत मोजणी फसली की ०.० येतं. ते भरतीच्या पायरीवरच नलइफने नल केलं, कारण ती त्या यंत्राची लकब आहे. दूध_दरमध्ये त्याला जागा नाही.

१८ जुलै, शुक्रवार

चाचण्या पीजीटॅप या पोस्टग्रेसच्या चाचणी-साधनात लिहिल्या. प्रत्येक आर्ग्युमेंटसाठी एक ओळ : बाकी सगळं ठीक, हा एकच नल. मग जोड्या : एसएनएफ व डिग्री दोन्ही नल, फॅट व डिग्री नल, दोन्ही पद्धतींत. अपेक्षित उत्तर नल असेल तिथे 'बरोबर' चिन्हाने तुलना करून उपयोग नाही, नल बरोबर नल याचं उत्तर खरं येत नाही, नल येतं. पीजीटॅपचं इज हे फंक्शन आत 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' वापरतं, ते दोन नल सारखे धरतं, त्यामुळे ते चालतं.

अ‍ॅपच्या बाजूची एक शंका मिटवली. डिग्रीला डीफॉल्ट (काही न दिल्यास धरायची किंमत) दिलेला आहे, मग अ‍ॅपने नल पाठवला तर डीफॉल्ट लागेल का? नाही. आर्ग्युमेंट गाळला तरच डीफॉल्ट लागतो. नल पाठवणं म्हणजे पाठवणंच. अ‍ॅप नेहमी पाचही आर्ग्युमेंट्स पाठवतं, म्हणून गोंधळ नको म्हणून डीफॉल्ट काढूनच टाकला.

करार कॉमेंट ऑन फंक्शनमध्ये (फंक्शनला जोडलेली टीप) पूर्ण मराठीत लिहिला. पुढच्या माणसाला तो डेटाबेसमध्येच सापडेल.

२१ जुलै, सोमवार

११ ते २० जुलैची बिलं नव्या फंक्शनांवर. एका संस्थेचं बिल अडलं : दोन सभासद, दोघांची एकाच संध्याकाळची पाळी. सचिवांना फोन केला. लाईट नव्हती. त्यांनी वही बघून आदल्या पाळीचं फॅट भरलं, दोन्ही ओळींवर 'धरलेलं' अशी खूण लागली आणि बिल अंतिम झालं. हाताने हिशोब करून पाहिला, पैशापर्यंत बरोबर.

१ ते १० जुलैची बिलं जुन्या प्रणालीवरच गेली होती, ती आज रात्री नव्यावर पडताळणीसाठी चालवायला लावली आहेत.

उरलेलं : दर फरकाचं फंक्शन. त्यात व्हेरिअ‍ॅडिक आर्ग्युमेंट आहे, म्हणजे कितीही किंमती घेऊन त्यांची एक यादी (अ‍ॅरे) करणारा, आणि स्ट्रिक्ट लावलं तरी पोस्टग्रेस तिथे पूर्ण अ‍ॅरे नल आहे का एवढंच बघतं, आतले घटक नल असले तरी फंक्शन चालतं. नम_नल्स वापरून नल घटक मोजायचे की अ‍ॅरेऐवजी ओळी घ्यायच्या, ते बुधवारी बसून ठरवू. सचिवांनाही फोनवर घेऊ; दर फरकात कुठला महिना रिकामा राहू शकतो ते त्यांनाच विचारायचं आहे.